बळाची अनेक नावे

पावसाला जोर असतो. पावसाला ताकद आहे असे कुणी म्हणत नाही. जमिनीला कस असतो, पिकाला जोम असतो, तुळई भक्कम असते. पण तुळईला जोम नसतो आणि जमिनीला रग नसते. म्हातारी काटक असू शकते, भिंत काटक असू शकत नाही. विशीतल्या पोराच्या अंगात रग असते. ऐंशीच्या आजोबांबद्दल कितीही कौतुकाने बोलले तरी तो शब्द सहसा येत नाही, 'ठणठणीत' किंवा 'खणखणीत' येतो. हे नियम कुणी शिकवलेले नसतात आणि शाळेच्या व्याकरणातही ते सापडत नाहीत. तरीही मराठी बोलणारा माणूस ते सहसा मोडत नाही. या प्रकरणात एक मुद्दा मांडायचा आहे. अंगातल्या बळाविषयीचे हे शब्द एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे नाहीत. शरीर काय करू शकते याच्या निरनिराळ्या मोजमापांची ती नावे आहेत, आणि ही मोजमापे खरी आहेत. शरीरशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत, काही बाबतीत तर गेल्या वीस वर्षांत, तीच वेगवेगळी करून मोजली. पण त्याच काळात आपल्या रोजच्या बोलण्यात, दवाखान्यात आणि जाहिरातीत हे सगळे शब्द आक्रसून 'ताकद' किंवा 'शक्ती' या एकाच नावात जमा होत आहेत. त्यातून होणारे नुकसान भाषेपुरते राहत नाही.

यावर पहिली हरकत सरळ आहे. प्रत्येक भाषेत समानार्थी शब्द असतात. बळ, शक्ती, ताकद, जोर, दम, जोम ही यादी पाठ्यपुस्तकातही 'समानार्थी' म्हणूनच दिलेली असते. संस्कृत, अरबी आणि फारसी अशा तीन झऱ्यांतून शब्द आले, म्हणून संख्या वाढली. त्यात शरीराचे ज्ञान शोधणे म्हणजे योगायोगाला अर्थ चिकटवणे. या हरकतीचा पहिला भाग बरोबर आहे. ताकद अरबीतून आली, जोर आणि दम फारसीतून, बळ संस्कृतातून. पण शब्द कुठून आले यावरून ते आज काय काम करतात हे ठरत नाही. ते वापरावरून ठरते, आणि वापराची कसोटी साधी आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवावा आणि वाक्य टिकते का ते पाहावे. 'ओझे उचलायला ताकद लागते' यात 'दम' ठेवला तर वाक्य अडखळते. 'घाट चढायला दम लागतो' यात 'ताकद' चालते, पण अर्थ बदलतो. 'आजारातून उठल्यावर अजून तरतरी आली नाही' यात 'मजबुती' अजिबात चालत नाही. उसने घेतलेले शब्दसुद्धा मराठीत आल्यावर आपापली जागा धरून बसले आहेत आणि दुसऱ्याला तिथे येऊ देत नाहीत. नुसते समानार्थी शब्द असे वागत नाहीत. मराठी माणसाला इतरांपेक्षा शरीर अधिक कळते असा दावा यात मुळीच नाही. कष्टाचे काम करणाऱ्या कोणत्याही समाजाच्या भाषेत असे भेद सापडतील. आपल्याला आपले तपासता येतात, एवढेच.

हे भेद सर्वांत धारदार झाले ते तालमीत. 'तालीम' म्हणजे मुळात शिक्षण. मराठीत तो शब्द कुस्तीच्या जागेचे नाव झाला. तिथे 'मेहनत' म्हणजे व्यायाम, आणि 'जोर' तर चक्क मोजता येतात. पैलवान जोर काढतो, बैठका मारतो, आणि किती काढल्या याचा हिशेब वस्ताद ठेवतो. त्यामुळे तालमीच्या बोलीत जोर ही लावण्याची गोष्ट आहे, ती कामाच्या क्षणी दिसते आणि संपते. दम मात्र धरण्याची गोष्ट आहे. 'दम' हा फारसीत श्वासाचा शब्द. मराठीत तो श्वास तर राहिलाच ('दम लागला', 'दमा'), शिवाय टिकून राहण्याची क्षमता झाला ('दमदार', 'दमाचा गडी') आणि धीरही झाला ('जरा दम धर'). पट्टीचा पैलवान ओळखताना ताकद आणि दम यांची गल्लत वस्ताद करत नाही. पहिल्या झटक्यात समोरच्याला उचलणारा मल्ल दहाव्या मिनिटाला उघडा पडतो, हे त्याने पाहिलेले असते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि १९१२ साली पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ज्या निकाली कुस्त्या होत, त्यांना घड्याळाचे बंधन नसे. पाठ लागेपर्यंत, म्हणजे चितपट होईपर्यंत कुस्ती चाले. तिथे दमाला जी किंमत होती ती आजच्या मॅटवरच्या कुस्तीत तशीच राहिलेली नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत झटक्याची ताकद आणि गुणांची चपळाई अधिक मोलाची ठरते. नियम बदलले की कोणते बळ लागते तेही बदलते.

शरीरशास्त्राने हा भेद विसाव्या शतकात मोजला. आर्चिबाल्ड हिल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात धावणाऱ्या माणसाच्या श्वासातला प्राणवायू मोजून दाखवले की दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमाला एक कमाल मर्यादा असते, आणि ती शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू घेऊन वापरू शकते यावर अवलंबून असते. फुप्फुसे, हृदय, रक्त आणि स्नायू या साखळीतून ती ठरते. एकदाच जोर लावून वजन उचलण्याची क्षमता वेगळ्या गोष्टींवर उभी असते: स्नायूची जाडी, त्यातल्या वेगवान तंतूंचे प्रमाण आणि मज्जासंस्था एका वेळी किती तंतूंना कामाला लावू शकते यावर. म्हणून मॅरेथॉन धावणारा आणि वजन उचलणारा यांची शरीरे वेगळी दिसतात. दमाचा संबंध श्वासाशी जोडणाऱ्या बोलीने प्राणवायूचे गणित केले नव्हते, पण तिने बोट बरोबर जागी ठेवले होते. 'उसने अवसान' या शब्दप्रयोगाचेही तसेच आहे. अंगात नसलेले बळ क्षणभर कुठून तरी आणावे लागते आणि ते परत करावे लागते, हे त्यात गृहीत आहे. थकवा हा निव्वळ स्नायूंत होतो असे मानणाऱ्या जुन्या समजुतीपेक्षा, मेंदूही श्रमाचा लगाम ओढतो आणि प्रसंगी सैल सोडतो, या आजच्या समजुतीला तो प्रयोग अधिक जवळचा आहे.

'काटक' हा शब्द मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काटक माणूस अंगाने भरलेला नसतो. किंबहुना तो किडकिडीतच असतो, आणि तरी ऊन, उपास, चाल, जागरण सोसून कामाला उभा राहतो. या शब्दाने मांस आणि बळ यांची फारकत केली. हीच फारकत वैद्यकाने करायला किती वेळ घेतला ते पाहण्यासारखे आहे. वयाबरोबर स्नायू घटतात याला नाव देण्यासाठी अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'सार्कोपेनिया' हा ग्रीक मुळांचा शब्द घडवला. त्याचा अर्थ मांसाची घट. पुढे वीस वर्षे वृद्धांच्या दुबळेपणाची चर्चा याच शब्दाभोवती फिरली. मग लक्षात आले की मांस थोडे घटते तेव्हा बळ बरेच अधिक घटलेले असते, आणि मांस परत आले म्हणून बळ परत येतेच असे नाही. २००८ साली ब्रायन क्लार्क आणि टॉड मनिनी यांनी बळाच्या घटीसाठी 'डायनापेनिया' हा वेगळा शब्द सुचवला, आणि या दोन गोष्टी एक नाहीत असे ठासून मांडले. आदल्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात राहायला सांगितले होते. त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस गेले, पण गुडघा सरळ करण्याची ताकद मात्र पंधरा टक्क्यांहून अधिक घटली. 'अंथरुणाला खिळला आणि खचला' असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा त्यात हीच घसरण असते. उलट बाजूने खाशाबा जाधवांकडे पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत, सत्तावन्न किलोच्या गटात, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक जिंकून आला. दणकट देह म्हणजेच बळ अशी समजूत असलेल्यांना त्या वजनाच्या आकड्यात उत्तर आहे.

इथे दुसरी, अधिक वजनदार हरकत येते. ज्या भाषेने 'काटक' दिला तिनेच 'गुटगुटीत' आणि 'बाळसे' हेही दिले. मूल गोल झाले की 'बाळसे धरले' म्हणून दृष्ट काढायची, सून बारीक झाली की 'तब्येत उतरली' म्हणायचे, आणि लग्नानंतर जावई जाड झाला की 'तब्येत सुधारली' म्हणून समाधान मानायचे, हेही याच शब्दसंग्रहाचे काम आहे. तब्येत म्हणजे अंगावरचे मांस, हा अर्थ आपल्याकडे खोलवर रुजला आहे. ही हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. अन्नाची वाण असलेल्या समाजात अंगावर मांस असणे हे खाऊनपिऊन असल्याचे आणि क्षय नसल्याचे सर्वांत दिसणारे चिन्ह होते, म्हणून तो अर्थ रुजला. आज तो फसवा झाला आहे, आणि किती फसवा ते पुण्याजवळच्या गावांतच दिसून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी तितकी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. याज्ञिकांनी याला कृश पण चरबीयुक्त बाळ म्हटले, आणि पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी त्याचा संबंध जोडला. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी लपलेली असू शकते, आणि भरलेल्या देहात बळ नसू शकते. 'बाळसे' हा शब्द इथे उपयोगी पडत नाही. पण भाषेने फक्त तोच शब्द दिला असता तर हरकत निर्णायक ठरली असती. तिने दोन्ही दिले. कोणता शब्द कोणत्या प्रसंगी धरायचा हे आपण ठरवायचे आहे, आणि सध्या आपण चुकीचा धरतो आहोत.

तब्येत आणि प्रकृती या शब्दांची आणखी एक गंमत नेहमी सांगितली जाते. एक अरबी, एक संस्कृत; दोन्हींचा मूळ अर्थ स्वभाव, नैसर्गिक घडण. त्यावरून 'आरोग्य म्हणजे स्वतःच्या स्वभावात असणे, असे आपले पूर्वज मानत' असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. 'तब्येत कशी आहे?' विचारणाऱ्याच्या मनात अरबी धातू नसतो. याहून विश्वासार्ह साक्ष 'बरा' या रोजच्या शब्दाची आहे, कारण तिथे व्युत्पत्तीकडे जावेच लागत नाही. मराठीत रोगी 'चांगला' होत नाही, तो 'बरा' होतो. आणि 'बरा' हा 'चांगला'च्या एक पायरी खालचा शब्द आहे, हे 'चित्रपट कसा होता?' या प्रश्नाच्या उत्तरात कुणालाही कळते. म्हणजे रोगमुक्ती ही आपल्या बोलीत कामचलाऊ अवस्था आहे: घरात वावरता येते, जेवण जाते, झोप लागते. त्यानंतरची पायरी वेगळ्या शब्दांत सांगितली जाते. 'बरा झाला, पण अजून हुशारी नाही', 'ताप गेला, पण उभारी आली नाही'. इथला 'हुशार' बुद्धीचा नसून सावध, जागा, ताजातवाना या अर्थाचा आहे, आणि खेड्यांत तो अजून तसा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली लागू झालेल्या आपल्या घटनेत आरोग्याची व्याख्या केली ती शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या परिपूर्ण सुस्थिती अशी. उद्देश उदात्त होता, पण 'परिपूर्ण' या शब्दाने जगातली बहुतेक माणसे बहुतेक वेळ आजारी ठरतात. २०११ साली माख्टेल्ड ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच आक्षेप घेऊन आरोग्याकडे परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणून पाहावे असे सुचवले. मधुमेह असलेली, पण शेतात जाणारी, नातवंडे सांभाळणारी बाई पहिल्या व्याख्येने रोगी आहे, दुसरीने निरोगी असू शकते. 'बरं चाललंय' हे तिचे उत्तर दुसऱ्या व्याख्येत बसते.

आता जिथे शब्द आक्रसल्याची खरी किंमत मोजावी लागते तिथे येऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या खासगी दवाखान्यात, विशेषतः बायकांकडून, सतत ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'अशक्तपणा'. घरी, शेजारणीजवळ हीच बाई अधिक नेमके बोलते: हातपाय गळतात, अंगात त्राण नाही, उठावंसं वाटत नाही, चढ चढताना दम लागतो, कशात जीव रमत नाही, पोरगी गेल्यापासून खंगले. यातले प्रत्येक वाक्य वेगळी वाट दाखवते. चढावर दम लागणे हे रक्तक्षयाकडे किंवा हृदयाकडे बोट दाखवू शकते. उठावेसे न वाटणे नैराश्याकडे. खंगणे क्षयाकडे किंवा शोकाकडे. पण दवाखान्याच्या दारात ही सगळी वाक्ये 'अशक्तपणा' या एका शब्दात गोळा होतात आणि त्याला उत्तरही एकच मिळते: ताकदीचे इंजेक्शन, शक्तीचे टॉनिक, नाहीतर सलाईनची बाटली. त्या बाटलीत काय असते ते पाहावे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आसपास कॅलरी. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतून याहून जास्त मिळतात. जुलाबाने सुकलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते, पण त्राण नसलेल्या बाईला ती त्राण देत नाही. तिला खरेच बरे वाटत असेल तर त्यात तासभर निवांत पडायला मिळण्याचा आणि कुणीतरी आपली तक्रार मनावर घेतल्याचा वाटा असू शकतो.

या तक्रारीमागे काय दडलेले असते, याचा शोध महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन वेगळ्या दिशांनी घेतला गेला. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या दुखण्यांना नाव मिळालेले नव्हते. दुसरा अभ्यास विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केला आणि २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात १८ ते ५० वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्के दीर्घकाळ थकव्याची तक्रार करत होत्या. तो थकवा कशाशी जोडलेला होता? कमी शिक्षण, घरावरचे कर्ज, गेल्या काही महिन्यांत सोसलेली भूक, नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा आणि मनाची दुरवस्था यांच्याशी. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध आढळला नाही. यावरून लोहाच्या गोळ्या नकोत असा अर्थ कुणी काढू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि तो दूर करणे हे स्वतंत्रपणे गरजेचे आहे. पण रक्तक्षय आणि थकवा ही एकाच दुखण्याची दोन नावे नाहीत. गोव्याच्या निष्कर्षांकडे पाहताना 'पाठबळ' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. मराठीत बळ फक्त आपल्या अंगात नसते, ते पाठीशीही असते. मनुष्यबळ असते, मनोबळ असते, आणि कुणी कुणाला बळ देऊ शकते. कर्ज, भूक आणि मारझोड यांनी जे जाते ते पाठीमागचे बळ असते, आणि त्याची जाणीव अंगातले त्राण गेल्यासारखी होते. 'ताकद' या शब्दाला ही वाट नाही, म्हणून ताकदीचे इंजेक्शन तिथे पोचत नाही.

बळाच्या या शब्दसंग्रहावर आणखी एक आरोप करता येतो: तो पुरुषी आहे. रग, धमक, मर्दुमकी, पैलवानी हे सारे तालमीतले आणि रणातले. बायकांच्या वाट्याला 'नाजूक' आणि 'अबला'. 'वीर्य' हा शब्द तर शौर्य, औषधाची कार्यशक्ती आणि पुरुषाचे रेत या तिन्हींना लागू होतो, आणि त्यामुळे शौर्य आणि रेत यांचा हिशेब एकत्र मांडण्याची सवय जडली. त्या हिशेबाने अनेक पिढ्यांतल्या तरुणांना विनाकारण झुरायला लावले. 'धात' जाते म्हणून आपण क्षीण होत आहोत अशी भीती घेऊन येणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली स्वतंत्र नाव दिले. ती भीती पसरवून आजही औषधे विकली जातात. या भागाचा बचाव मी करणार नाही. शब्दांनी इथे सरळ इजा केली आहे. मात्र काटक, चिवट, धडधाकट, खंबीर हे शब्द बाईला तितक्याच सहज लागतात, आणि श्रमाचे मोल ठरवताना बोली याच शब्दांकडे वळते. डोक्यावर पाण्याचा हंडा आणि कडेवर मूल घेऊन चढ चढणाऱ्या बाईला कुणी 'अबला' म्हणत नाही. तो शब्द तिच्या कामाकडे न पाहणाऱ्यांचा आहे.

शेवटची हरकत नव्या शब्दांची. स्टॅमिना, फिटनेस, एनर्जी, इम्युनिटी आले, तर त्यात बिघडले काय? जोर आणि ताकद हेही एकेकाळी परकेच होते. हे मान्य आहे, आणि 'स्टॅमिना' तर 'दम'ची जागा बरीचशी नीट चालवतो. परकेपणा हा दोष नाही. दोष आहे तो एका शब्दाने सगळे भेद पुसण्यात. 'इम्युनिटी'चेच पाहा. २०२० नंतर काढे, गोळ्या, बिस्किटे, तेले यांवर 'इम्युनिटी वाढवणारे' असे छापले जाऊ लागले, जणू रोगप्रतिकारशक्ती ही बाटलीत भरून वाढवायची एकच राशी आहे. प्रत्यक्षात ती अनेक पेशींची आणि रेणूंची यंत्रणा आहे, आणि तिचा मोठा भाग स्वतःला आवरण्याचाच आहे. दमा, परागकणांची ॲलर्जी, संधिवातासारखे आजार यांत ही यंत्रणा नको तिथे कामाला लागते. तिथे प्रतिकार 'वाढवणे' म्हणजे आजार वाढवणे. जी गोष्ट एकच नाही ती एकाच आकड्यासारखी वाढवता येईल, हे आश्वासन शब्द एकच असल्यामुळेच खरे वाटते.

जुने शब्द याहून वेगळ्या रीतीने बोलतात, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसते वृद्धांबद्दलच्या बोलण्यात. 'आजींची उठबस होते का?', 'आजोबा अजून हिंडतेफिरते आहेत', 'हाताची पकड गेली' ही वाक्ये अंगात काय साठले आहे हे सांगत नाहीत, माणूस काय करतो ते सांगतात. आज वृद्धांच्या तपासणीत नेमक्या याच तीन गोष्टी मोजल्या जातात. हाताच्या मुठीची पकड मापकाने मोजतात: भारतासह सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या एका अभ्यासात, २०१५ साली, पकड पाच किलोने कमी असण्याचा संबंध मृत्यूचा धोका सुमारे सोळा टक्के अधिक असण्याशी आढळला, आणि पुढचे आयुष्य सांगण्यात ही पकड रक्तदाबाच्या वरच्या आकड्याहून सरस ठरली. चालण्याचा वेग काही मीटरच्या अंतरावर घड्याळ लावून मोजतात. आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते पाहतात. आपली उठबस मात्र खुर्चीवरची नव्हती. जमिनीवर पंगतीला बसणे, जात्यापाशी बसणे, पाटावर बसणे आणि गुडघ्यावर हात न ठेवता उठणे ही त्याहून कठीण परीक्षा आहे, आणि तिचेही मोजमाप झाले आहे. ब्राझीलमधील क्लॉदिओ आराऊजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला लावले आणि हात, गुडघा टेकल्याबद्दल गुण कापले. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू स्पष्टपणे अधिक होते. त्यामुळे रुग्ण 'अशक्तपणा' म्हणाला की डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी लगेच औषधाकडे वळण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारायला हवेत: दम लागतो की त्राण नसते, उभारी येत नाही की उठबस जड जाते, आणि हे कधीपासून? या प्रश्नांना यंत्र लागत नाही, आणि त्यांची उत्तरे द्यायला लागणारे शब्द समोरच्या माणसाकडे आधीपासून असतात.